उत्तरखेळ : जुन्या सामग्रीचा नवा विनियोग

लोकप्रिय झालेल्या कादंबरीचा दुसरा भाग लिहावयास बसलेल्या लेखकापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते व्हिडिओ खेळाचा दुसरा भाग रचणाऱ्यापुढेही उभे राहतातच. परंतु त्यांत दोन गोष्टींची भर पडते. पहिली अशी की, कादंबरीकाराच्या हाती पहिल्या भागातील व्यक्ती, स्थळे व घटना राहत असल्या तरी वाक्ये त्यास सर्व नवीच लिहावी लागतात. खेळाच्या बाबतीत मात्र पहिल्या भागाची प्रत्यक्ष सामग्री, म्हणजे चित्रे, आकृती, ध्वनी व संगणकाची आज्ञावली, जशीच्या तशी उचलून दुसऱ्या भागात घालता येते. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कादंबरीचा वाचक दुसऱ्या भागाकडे वळतो तेव्हा त्याच्याजवळ पहिल्या भागाची आठवण असते. खेळाडूजवळ आठवणीबरोबर कसबही असते. कोणती कळ किती वेळ दाबल्यास उडी किती लांब पडते, कोणत्या शत्रूस भ्यावे व कोणास भिऊ नये, हे ज्ञान त्याच्या बोटांत मुरलेले असते. उत्तरखेळाच्या रचनाकाराला असे दोन वारसे मिळतात. एक स्वतःच्या कारखान्यात साठलेला, तर दुसरा खेळाडूच्या हातात साठलेला.

या दोन्ही वारशांचा विनियोग कसा करावा, या प्रश्नाची एकमेकांहून अगदी निराळी उत्तरे एकाच संस्थेने दिलेली आढळतात. जपानमधील क्योतो येथील निन्तेंदो या कंपनीची ‘मारिओ’ व ‘झेल्डा’ ही दोन खेळघराणी चाळीस वर्षांपलीकडची झाली असून त्यांतील अनेक उत्तरखेळ मूळच्याच हातांनी, किंवा त्या हातांखाली शिकलेल्या माणसांनी, रचले आहेत. रचनाकार तेच, मूळ सामग्री तीच, आणि तरीही परिणाम भिन्न. त्यामुळे तुलनेला हे क्षेत्र विशेष सोयीचे पडते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. घरातील दूरचित्रवाणी-संचास जोडावयाच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्रासाठी तो बनविला होता आणि त्याची सर्व आज्ञावली व चित्रे मिळून अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेली होती. एवढ्याशा जागेत आठ विभाग, प्रत्येकी चार टप्पे, असे एकंदर ३२ टप्पे कोंबावयाचे म्हणजे काटकसर आलीच. आकाशातील ढग आणि जमिनीवरची झुडपे ही या खेळात एकाच आकृतीची दोन रूपे आहेत. रंग तेवढा बदललेला. लक्षावधी मुलांनी वर्षानुवर्षे हा खेळ खेळूनही ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नाही, हे त्या काटकसरीचे यश म्हणावे लागेल.

या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या शिकविण्यात आहे. पहिल्या टप्प्याच्या आरंभी कोणतीही सूचना लिहिलेली नाही. समोरून एक लहानसा शत्रू चालत येतो. त्यास स्पर्श झाला तर जीव जातो, त्याच्या डोक्यावर उडी पडली तर तो चेपला जातो. लगेच पुढे प्रश्नचिन्हाची वीट असते. तिला खालून धडक दिली की एक अळंबी बाहेर पडते, घसरत जाऊन समोरच्या नळावर आपटते आणि परत खेळाडूच्याच दिशेने येते. वर विटांचे छत असल्याने नवख्या खेळाडूने घाबरून उडी मारली तरी बहुधा ती अळंबी त्याच्या अंगावर येतेच. आणि तिच्या स्पर्शाने मारिओ मरण्याऐवजी मोठा होतो. अळंबी हितकर आहे, हा धडा अशा रीतीने खेळाडूस त्याच्या इच्छेविरुद्धसुद्धा मिळतो. खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या, त्यामागे अन्य कारणेही आहेत. परंतु ज्यास काहीच येत नाही अशा माणसाला घरात घेण्याची ही हातोटी त्यांतील एक मोठे कारण होय.

त्याचा पहिला उत्तरखेळ नऊच महिन्यांत, ३ जून १९८६ रोजी, बाहेर पडला. फॅमिली कॉम्प्युटरसाठी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत चकतीवर चालणारे नवे जोडयंत्र निघाले होते, त्यासाठी हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ होता. आज्ञावली बहुतांशी जुनी, चित्रे जवळजवळ तीच. श्रम वेचले गेले ते नव्या टप्प्यांवर. आणि नवे टप्पे कोणासाठी रचले होते, हे वेष्टनावरच छापलेले होते : निष्णात खेळाडूंसाठी. जुना खेळ ज्यांनी पुनःपुन्हा खेळून कोळून प्यायला, त्यांना आता काय द्यावे, या प्रश्नाला रचनाकारांनी सरळ उत्तर दिले की, अधिक कठीण असे तेच द्यावे.

पण काठिण्य आणले कसे, हे पाहण्याजोगे आहे. नव्या खेळाच्या पहिल्याच टप्प्यात, आरंभीच, विषारी अळंबी ठेवलेली आहे. ती हुबेहूब जुन्या अळंबीसारखी घसरत येते. रंग किंचित् निराळा. ज्या खेळाडूने जुना धडा पक्का गिरविला आहे, तो तिच्याकडे आपण होऊन धावतो आणि मार खातो. पुढे वारा सुटून उड्यांचा अंदाज चुकवितो. पाण्यातले जलचर हवेत तरंगू लागतात. नळाजवळ उभे राहिल्यास वर न येणारी मांसभक्षक वनस्पती आता तशीच वर येते. पूर्वखेळात गुप्त वाटा शोधून काढणाऱ्यास पुढच्या विभागात एकदम उडी मिळे. येथे कष्टाने शोधलेली एखादी गुप्त वाट त्यास उलट मागल्या विभागात नेऊन सोडते. म्हणजे खेळाडूच्या हातातील वारसा येथे भांडवल म्हणून वापरलेला नाही, तर सापळा म्हणून वापरलेला आहे. जो जितका शिकलेला, तो तितका फसावा, अशी ही योजना.

हिला चूक म्हणावे काय? जपानात त्या वेळी पूर्वखेळ घराघरांत पोहोचलेला होता, निष्णात मुलांची संख्या अफाट होती, आणि हा उत्तरखेळ त्या चकती-यंत्रावरील सर्वाधिक खपलेल्या खेळांपैकी एक ठरला. गुरूने शिष्याची खोडी काढावी तशी त्याची गंमत आहे, आणि ती गंमत लुटणारे आजही आहेत. परंतु जी व्यक्ती पूर्वखेळ न खेळता याकडे वळली, तिच्यासाठी यात दरवाजाच ठेवलेला नाही. मारिओचा भाऊ लुइजी यास या खेळात अधिक उंच उडी आणि अधिक निसरडे पाऊल, असा निराळा स्वभाव प्रथमच मिळाला, ही एक खरी नवी भर. तिचे मोल पुढे कळून आले.

अमेरिकेतील निन्तेंदोच्या शाखेत नव्या खेळांची पारख करण्याचे काम हॉवर्ड फिलिप्स यांच्याकडे असे. त्यांना हा खेळ आनंदापेक्षा त्रासच अधिक देणारा वाटला. अमेरिकेत व्हिडिओ खेळांचा बाजार १९८३ च्या पडझडीनंतर नुकताच सावरत होता. तेथे नव्या ग्राहकाला दारातच ठेच लागणे परवडण्यासारखे नव्हते. तो खेळ तिकडे पाठविण्यात आला नाही, आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाची जागा तिकडे रिकामी राहिली.

ती ज्या रीतीने भरली गेली, ती हकिगत वरवर पाहता व्यापारी चलाखीची आहे. केन्सुके तानाबे या तरुण रचनाकाराच्या पुढाकाराने निन्तेंदोत एका निराळ्याच खेळाचा नमुना तयार झाला होता. त्यात पडदा वरच्या दिशेने सरकत असे आणि दोन खेळाडू एकमेकांना व ठोकळ्यांना उचलून फेकत वर चढत. तत्कालीन यंत्राच्या मर्यादेत तो नीट जमेना. एकट्याने खेळल्यास त्यात रसही राहत नसे. मियामोतो यांच्या सूचनेवरून त्यात मारिओच्या खेळासारखी आडवी वाटचाल घालण्यात आली, उचलणे-फेकणे तेवढे राहिले. पुढे फुजी टेलिव्हिजन या कंपनीने भरविलेल्या ‘युमे कोजो ८७’ या महोत्सवासाठी त्या महोत्सवाची पात्रे घेऊन तोच खेळ १० जुलै १९८७ रोजी ‘युमे कोजो : दोकी दोकी पॅनिक’ या नावाने प्रसिद्ध झाला. याच खेळातील चार व्यक्तींच्या जागी मारिओ, लुइजी, राजकन्या व तिचा सेवक टोड यांस बसवून १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला गेला.

केवळ मुखवटे बदलून खेळ खपविला, असे याविषयी पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. बदल कोणते केले, याची बारकाईने छाननी केल्यास त्यांत एक सुसंगत विचार दिसतो. ‘दोकी दोकी पॅनिक’मध्ये कळ दाबून धावण्याची सोय नव्हती, अमेरिकन आवृत्तीत ती घालण्यात आली. मूळ खेळातील व्यक्ती जखमी झाली तरी आकाराने तेवढीच राहत असे. आता तिची शक्ती संपत आली की ती लहानखुरी होऊ लागली. फेकण्याच्या वस्तूंत कासवाची पाठ आली. धावणे, लहानमोठे होणे आणि कासव, हे सर्व पूर्वखेळातील आहे. त्यांतही पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांपेक्षा बोटांच्या परिचयाच्या आहेत. ज्यांनी ही निवड केली, त्यांना मारिओचा खेळ कशामुळे मारिओचा वाटतो हे नेमके ठाऊक होते. त्याची टोपी व मिशा दाखविणे सोपे होते. त्याची धाव परत आणावी लागली.

याउलट, पूर्वखेळाचा जो कणा म्हणावा, तो येथे नाहीच. शत्रूच्या डोक्यावर उडी मारल्याने शत्रू मरत नाही. मारिओ त्याच्या डोक्यावर नुसता उभा राहतो, हवे तर त्यास उचलून दुसऱ्यावर फेकतो. जमिनीतून भाज्या उपटून त्यांचा मारा करावा लागतो. चौघांपैकी कोणीही निवडता येतो, आणि प्रत्येकाची उडी, वेग व बळ निराळे असते : लुइजी उंच उडतो, राजकन्या हवेत क्षणभर तरंगते, टोड झपाट्याने भाज्या उपटतो. परिणामी जुना खेळाडू घरच्यासारखा वावरतो आणि तरीही पावलोपावली नवे शिकतो. नवखा खेळाडूही त्याच्या बरोबरीने शिकू लागतो. ७० लाखांहून अधिक प्रती खपलेल्या या ‘उसन्या’ खेळातील कित्येक शत्रू आणि चौघांचे ते स्वभावभेद मारिओच्या घराण्यात कायमचे राहिले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानात निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये शत्रूवर उडी मारण्याचा मूळ नियम परत आला. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतील दुसरा खेळ जपानात ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने पोहोचला आणि १९९३ मध्ये जपानचा कठीण दुसरा खेळ ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने एका संग्रहातून अमेरिकेत गेला. एकाच क्रमांकाच्या दोन उत्तरखेळांनी अशी परस्परांच्या देशाची यात्रा केल्याचे उदाहरण विरळा.

कारखान्यात साठलेल्या वारशाचा विचार करावयाचा तर झेल्डा-घराण्याकडे वळावे लागते. २१ नोव्हेंबर १९९८ रोजी ‘ऑकरिना ऑफ टाइम’ हा खेळ ‘निन्तेंदो ६४’ या यंत्रासाठी निघाला. लिंक नावाचा मुलगा, त्याचे राज्य, तेथील खेडी, कुरणे व भुयारे हे सर्व त्यात प्रथमच त्रिमितीत उभे केलेले होते, आणि ते उभे करावयास कित्येक वर्षे लागली होती. माणसांच्या, प्राण्यांच्या, घरांच्या आकृतींचा केवढा तरी साठा तयार झाला होता. तो एकदाच वापरून टाकून द्यावा, हे कोणाही व्यवहारी माणसास पटण्याजोगे नव्हते.

साहजिकच प्रथम सुचली ती १९८६ चीच वाट. त्याच खेळातील भुयारांची फेरमांडणी करून, कोडी अधिक बिकट करून, ‘उरा झेल्डा’ म्हणजे झेल्डाची दुसरी बाजू, या नावाने ती नव्या चकती-यंत्रासाठी काढावी असे ठरले. हे काम एइजी आओनुमा यांच्याकडे आले. मूळ खेळातील भुयारे रचण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. आपणच रचलेले आपणच मोडून पुन्हा मांडण्यात त्यांचे मन रमेना. सांगितलेले काम बाजूस ठेवून ते अगदी निराळी भुयारे मनाशी रचू लागले. अखेर त्यांनी मियामोतो यांच्याकडे आपली अडचण मांडली, तेव्हा उत्तर मिळाले ते असे की, एका वर्षात नवा झेल्डा तयार करून दाखविता येत असेल तर फेरमांडणीचे काम सोडावे.

वर्षाची ही अट या हकिगतीतील सर्वांत फलदायी गोष्ट ठरली. एका वर्षात नवे राज्य उभे करणे अशक्य होते. म्हणजे जुन्या आकृती वापरल्याखेरीज गत्यंतर नव्हते. पण त्याच माणसांना त्याच गावात ठेवले तर खेळ पुन्हा फेरमांडणीच होऊन बसणार. यातून मार्ग निघाला तो आपल्याकडील जुन्या नाटक-मंडळ्यांना चांगला परिचित असावा. मंडळीच्या संग्रही राजवाड्याचा, रस्त्याचा व अरण्याचा असे ठराविक रंगविलेले पडदे असत आणि तेच पडदे आज एका नाटकात एका नगरीचे, तर उद्या दुसऱ्या नाटकात दुसऱ्या नगरीचे होत. नटही तेच. ‘मजोराज मास्क’ या उत्तरखेळात लिंक आपल्या देशातून भरकटत टर्मिना नावाच्या दुसऱ्याच देशात जातो, आणि तेथे भेटणारी माणसे चेहऱ्याने ओळखीची, पण नावाने, धंद्याने व नात्यांनी परकी असतात. पूर्वखेळात कोंबड्या राखणारी तरुणी येथे खाणावळीच्या मालकिणीची मुलगी आहे. तेथे उगाच धावत सुटणारा माणूस येथे नियमाने धावणारा पोस्टमन झाला आहे. काटकसर लपविण्याऐवजी तिलाच कथेचा आधार केल्यामुळे त्या देशाला स्वप्नात पाहिलेल्या गावाचे रूप आले. ओळखीच्या चेहऱ्याने ओळख न दाखविणे ही खेळाडूस अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. आणि ती अस्वस्थता ज्याने पूर्वखेळ खेळला त्यासच पुरती जाणवते.

वाचलेले श्रम मग कोठे गेले? ते काळाच्या रचनेत गेले. योशिआकी कोइझुमी हे दुसरे रचनाकार त्या सुमारास चोर-शिपायाच्या एका निराळ्या खेळावर काम करीत होते. तो खेळ थोड्या अवधीत संपावा, पण पुनःपुन्हा खेळावा, अशी त्यांची कल्पना होती. ते या कामावर आले आणि ती कल्पना बरोबर आली. आकाशातून चंद्र खाली उतरत आहे. ठराविक मुदतीनंतर तो गावावर कोसळणार. लिंकने वेळेवर सूर आळवून पहिल्या दिवसाच्या पहाटेस परतावे आणि पुन्हा आरंभ करावा. ही मुदत प्रथम सात दिवसांची योजिली होती. प्रत्येक माणसाचा सात दिवसांचा दिनक्रम रचणे जड, आणि तो ध्यानात ठेवणे खेळाडूस त्याहून जड. म्हणून ती तीन दिवसांवर आणली. खेळातील एक तास म्हणजे प्रत्यक्षातील ४५ सेकंद, या हिशेबाने ते ७२ तास ५४ मिनिटांत संपतात. काळ मंद करण्याची युक्तीही खेळाडूच्या हाती दिलेली आहे.

मोठी भुयारे या खेळात अवघी चारच आहेत. पूर्वखेळात ती याच्या दुपटीहून कमी नव्हती. त्याऐवजी येथे माणसे आहेत, आणि त्यांना वेळापत्रक आहे. कोण केव्हा कोठे जातो याची टिपणे ठेवण्यासाठी लिंकजवळ एक वही असते, तीत वीस जणांची नोंद होते. पोस्टमन ठराविक वेळी ठराविक पेटी उघडतो. कोणी रात्री रस्त्यावर एखाद्या म्हातारीची गठडी हिसकावून पळतो. परत पहिल्या दिवशी जाताच हे सर्व पुसले जाते. लिंकने केलेले उपकार कोणास आठवत नाहीत, त्याचे बाण, बाँब व रोकड नाहीशी होते. राहतात ते त्याने मिळविलेले मुखवटे, शिकलेले सूर आणि महत्त्वाची हत्यारे. पेढीत ठेवलेला पैसा मात्र काळ मागे गेला तरी बुडत नाही. या एका पेढीचा कारभार तर्काला धरून नाही हे खरे, परंतु तो तसा नसता तर खेळाडू हातघाईस आला असता.

या रचनेची कसोटी लागते ती आंजू व काफेई यांच्या प्रकरणात. आंजू ही ती खाणावळीतील मुलगी. तिचा वाग्दत्त वर काफेई विवाहाच्या तोंडावर नाहीसा झाला आहे. एका खोडकर जीवाने त्यास लहान मुलाचे रूप दिले असून, लाजेने तो तोंड लपवून राहतो. लिंकने पहिल्या दिवशी तिला भेटावे, ठरल्या वेळी पत्र न्यावे, दुसऱ्या दिवशी त्यास गाठावे, तिसऱ्या सायंकाळी चोराच्या गुहेपाशी हजर राहावे. एक वेळ चुकली की सर्व पुन्हा पहिल्यापासून. सर्व जमले तर शेवटच्या पहाटे, चंद्र जमिनीला टेकावयास थोडाच अवधी उरला असता, ती दोघे एकत्र येतात. आणि मग लिंकला काळ मागे फिरवावाच लागतो. म्हणजे ती भेट झालीच नाही असे होते. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळात वियोगाचा इतका गंभीर अनुभव, तोही केवळ वेळापत्रकाच्या साहाय्याने, क्वचितच साधला गेला असेल. आकृती नव्या करण्यात वर्ष खर्ची पडले असते तर हे वेळापत्रक रचावयास सवड कोठली मिळती?

‘मजोराज मास्क’ २७ एप्रिल २००० रोजी, म्हणजे पूर्वखेळानंतर सतरा महिन्यांनी, जपानात निघाला. त्याच्या उणिवाही त्याच्या गुणांशी बांधलेल्या आहेत. खेळ कायमचा नोंदवून ठेवण्याची सोय पहिल्या दिवशी परतण्याशी जखडलेली होती. २०१५ च्या नव्या आवृत्तीत ती सैल करावी लागली. तो चालविण्यास यंत्रात ४ मेगाबाइटची जादा स्मृती बसविणे आवश्यक होते. ऑकरिनाच्या सुमारे ७६ लाख प्रती खपल्या, याच्या सुमारे ३४ लाख. जादा स्मृतीचा खर्च आणि यंत्राचे उतरते दिवस ही याची कारणे असतीलच. पण खेळाडूने कसब घेऊनच यावे ही त्याची अपेक्षाही त्यांत मोजली पाहिजे. फेरमांडणीची मूळ कल्पनाही वाया गेली नाही. तशी मांडणी केलेला ऑकरिना २००२ मध्ये पुढच्या झेल्डाच्या आगाऊ मागणीबरोबर भेट म्हणून देण्यात आला. तो कौतुकाने खेळला गेला आणि फारशी चर्चा न होता बाजूस राहिला.

उत्तरखेळाविषयी रचनाकारांमध्ये एक नियम सांगितला जातो. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाचे जनक सिड मायर यांच्या नावे तो प्रसिद्ध आहे : एक-तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक-तृतीयांश सुधारावे, एक-तृतीयांश नवे घालावे. नियम सोयीचा आहे, आणि त्या खेळाच्या आवृत्त्या १९९१ पासून तो सांभाळीत आल्या. तथापि त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की, खेळातील गोष्टी सुट्या असतात व त्यांची मोजदाद करता येते. २०१० च्या पाचव्या ‘सिव्हिलायझेशन’ने एका घरात एकच लष्करी तुकडी उभी राहील, असा नियम केला. मोजणीत तो एक बदल होय. परंतु पूर्वी एकावर एक रचता येणाऱ्या सैन्यांना आता नकाशावर पसरावे लागले. त्यामुळे वाटा अडू लागल्या, घाट व खिंडींचे महत्त्व वाढले, आणि संगणकाने चालविलेल्या प्रतिपक्षास आपले सैन्य हलविणे अवघड होऊन बसले. बदल एक-तृतीयांश आहे की एक-दशांश आहे, हे त्याच्या आकारावरून कळत नाही. तो किती गोष्टींना जाऊन भिडतो, यावरून कळते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पुन्हा झेल्डा-घराण्यातच मिळते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ ३ मार्च २०१७ रोजी निघाला आणि त्याचा उत्तरखेळ ‘टीअर्स ऑफ द किंग्डम’ १२ मे २०२३ रोजी. हिदेमारो फुजिबायाशी हे दोहोंचे दिग्दर्शक आणि आओनुमा निर्माते. राज्याचा नकाशा तोच घेतला होता. डोंगर, नद्या, गावे जुन्याच जागी. त्यावर आकाशातील बेटे आणि खाली पाताळ अशी भर पडली. मजोराच्या अनुभवावरून पाहता हे काम लवकर उरकावयास हवे होते. प्रत्यक्षात सहा वर्षांहून अधिक काळ गेला.

कारण असे की, जमीन जुनी असली तरी खेळाडूच्या हाती दिलेला अधिकार नवा होता. या खेळात जवळपास कोणतीही सुटी वस्तू उचलून दुसरीस चिकटविता येते. फळ्यांना चाके लावून गाडी करावी, पंखे लावून विमान करावे, खांब जोडून पूल करावा. हा एक अधिकार दिल्याबरोबर जुन्या जगातील प्रत्येक वस्तूविषयी प्रश्न उभा राहिला. पूर्वखेळात एखादे दार केवळ वर-खाली होताना दाखविले की भागत असे. ते किती जड आहे, ते कशाने अडते, याचा हिशेब कोणी विचारीत नव्हता. आता त्या दाराखाली खेळाडूने जोडलेली फळी सरकविली की काय व्हावे? हिशेब असलेली व हिशेब नसलेली वस्तू एकत्र आली की जग मोडे. ते वारंवार मोडत असे, हे या खेळाच्या तंत्रज्ञांनी २०२४ मध्ये अमेरिकेतील रचनाकारांच्या परिषदेत विनोदाने सांगितले. त्यांनी काढलेला उपाय कष्टाचा होता : दारांपासून चाकांपर्यंत, हलणाऱ्या सर्वच गोष्टींना वजन, घर्षण व आघात यांचे एकच नियम लावावयाचे. ध्वनीच्या बाबतीतही तेच झाले. गाडीचा आवाज म्हणून निराळा ध्वनी कोणी तयार केलेला नाही. चाकाचा, लाकडाचा, साखळीचा असे आवाज सुटे आहेत, आणि ते भाग एकत्र चालू लागले की गाडीचा खडखडाट आपोआप ऐकू येतो. कोणत्या खेळाडूच्या मनात कोणती गाडी येईल हे आधी सांगता येत नसल्यामुळे प्रत्येक गाडीचा आवाज आधी साठवून ठेवणे शक्यच नव्हते.

खेळाडूच्या हातातील वारशाचा विनियोगही येथे विचारपूर्वक झालेला दिसतो. पूर्वखेळाच्या चार युक्त्या काढून घेऊन तेथे नव्या दिल्या. परंतु चढणे, हवेत तरंगत उतरणे, स्वयंपाक करणे ही मूळ कसबे तशीच ठेवली. पूर्वखेळात हत्यारे मोडतात अशी अनेकांची तक्रार होती. उत्तरखेळाने ती तक्रार मान्य करून हत्यारे अभंग केली नाहीत. काठीला दगड जोडता येतो, बाणाला राक्षसाचा डोळा जोडता येतो, अशी तजवीज केली, आणि मोडण्याला नव्या जोडणीची संधी बनविले. चौथी युक्ती तर रचनाकारांच्या स्वतःच्या सोयीतूनच आली. गुहांची तपासणी करताना प्रत्येक वेळी मागे चालत येण्याचा कंटाळा टाळण्यासाठी त्यांनी छत भेदून थेट वर निघण्याची एक पळवाट आज्ञावलीत ठेवली होती. ती वापरता वापरता फुजिबायाशी यांना वाटू लागले की हीच खेळाडूस द्यावी. ती दिल्यानंतर जगातील प्रत्येक छत तपासणे आले, हे सांगावयास नकोच.

२०२२ च्या मार्चमध्ये, खेळ त्या वर्षी निघणार अशी सर्वांची अपेक्षा असताना, तो २०२३ च्या वसंतावर ढकलल्याचे आओनुमा यांनी जाहीर केले. खेळ त्या वेळी बहुतांशी तयार होता. उरलेले वर्ष नवे काही घालण्यात गेले नाही; खेळाडू काहीही जोडील तरी जग न मोडता चालावे, एवढीच खात्री करून घेण्यात ते गेले. प्रसिद्धीनंतरच्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, आणि रचनाकारांनी कधी कल्पिली नसतील अशी यंत्रे लोक त्या जुन्याच डोंगरांवरून चालवू लागले.